कॉम्प्रेसर खरंच गेलाय का?

मे महिन्याची दुपार. चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास, मुंबई-रत्नागिरीकडे घामाच्या धारा आणि नेमक्या याच दिवसांत घरातला एसी थंडावा द्यायचं सोडून पंख्यासारखी नुसती हवा फेकू लागतो. मेकॅनिकला चार-चार फोन होतात. अखेर तो येतो, बाहेरच्या युनिटला कान लावतो, झाकण उघडून दोन-चार वायरी हलवून बघतो आणि निकाल देऊन मोकळा होतो, "कॉम्प्रेसर गेला, ताई. बदलावा लागेल."

या एका वाक्याने महिन्याचं बजेट कोलमडतं. कॉम्प्रेसर म्हणजे एसीमधला सर्वांत महागडा भाग. नवा कॉम्प्रेसर, गॅस आणि मजुरी मिळून खर्च अनेकदा पाच आकडी होतो. निदान बरोबर असेल तर तो करावाच लागतो. पण पुष्कळदा बिघाड असतो काही शे रुपयांच्या कॅपॅसिटरमध्ये, सैल झालेल्या वायरीत किंवा धुळीने बुजलेल्या जाळीत. मग रोग म्हशीला आणि औषध पखालीला! याउलट, खरोखरच बिघडलेला कॉम्प्रेसर घाईगर्दीत बदलला, तर नवाही वर्षभरात मान टाकतो. म्हणूनच कॉम्प्रेसर काय करतो, तो कशाने मरतो आणि तो मेला हे ओळखायचं कसं, एवढं तरी प्रत्येक घरात ठाऊक असायला हवं.

पंप आणि मोटर एकाच डब्यात

एसी थंडी तयार करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. हे ओझं वाहतो तो नळ्यांमधून फिरणारा गॅस. खोलीतल्या युनिटमध्ये हा गॅस कमी दाबाखाली उकळतो आणि उकळताना हवेतली उष्णता शोषून घेतो. तिथून तो कॉम्प्रेसरकडे येतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो. दाबल्यामुळे तो भरपूर तापतो आणि बाहेरच्या जाळीतून, म्हणजे कंडेन्सरमधून जाताना आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊन द्रवरूप होतो. पुढे बारीक नळीतून त्याचा दाब उतरतो आणि पुन्हा तीच फेरी सुरू होते.

'दीड टनाचा एसी' या शब्दातला टन हा यंत्राच्या वजनाचा नव्हे, बर्फाचा! एक टन बर्फ २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी खोलीतून उचलण्याची ताकद म्हणजे एक टन, आजच्या भाषेत सुमारे साडेतीन किलोवॉट. हे सगळं ओझं हलवण्याचं काम कॉम्प्रेसरचं असतं.

घरगुती एसीचा कॉम्प्रेसर म्हणजे एक सीलबंद लोखंडी डबा. आत वर विजेची मोटर, खाली गॅस दाबणारा पंप आणि तळाशी तेल. यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की आतल्या मोटरला गार ठेवण्यासाठी वेगळा पंखा नसतो. फिरून परत येणारा गॅसच तिला गार ठेवतो आणि गॅसबरोबर फिरणारं तेलच पंपाला वंगण पुरवतं. त्यामुळे गॅस गळून कमी झाला की आधी थंडावा कमी होतो, मग मोटर तापू लागते आणि शेवटी वायंडिंग जळतं. 'यंदा थोडं कमी थंड करतोय, चालवून घेऊ' म्हणत दोन उन्हाळे काढले की एका छोट्याशा गळतीची किंमत कॉम्प्रेसरने मोजावी लागते.

कॉम्प्रेसर मरतो कशाने?

गळतीखालोखाल मोठा शत्रू म्हणजे धूळ. बाहेरची जाळी धुळीने, कबुतरांच्या पिसांनी आणि घरट्यांच्या काड्यांनी बुजली की उष्णता बाहेर पडत नाही. आतला दाब वाढतो, मोटर जास्त करंट ओढते आणि तापते. आतल्या युनिटचा फिल्टर चोंदला तर उलटं घडतं. हवा फिरत नाही, नळ्यांवर बर्फ धरतो आणि न उकळलेला द्रव तसाच कॉम्प्रेसरमध्ये शिरतो. पंप गॅस दाबण्यासाठी बनवलेला असतो, द्रव दाबण्यासाठी नव्हे. द्रवाने तेल पातळ होतं आणि आतले भाग झिजतात.

समुद्रकाठच्या गावांत खारी हवा जाळी आणि नळ्या कुरतडते, तिथे गळती लवकर लागते. जिथे व्होल्टेज पडतं तिथे मोटर तेवढंच काम करायला जास्त करंट घेते. आणि वीज जाऊन लगेच आली, की दाबाखाली अडकलेल्या पंपाला पुन्हा फिरायला जमत नाही. म्हणून एसी बंद केल्यावर किमान तीन मिनिटं तो पुन्हा सुरू करू नये. बहुतेक एसींमध्ये आणि एसीसाठीच्या स्टॅबिलायझरमध्ये ही उसंत आपोआप मिळावी अशी सोय असते.

घरच्या घरी काय पाहावं?

मेकॅनिकला बोलवण्याआधी झाकण न उघडताही बरंच काही कळतं. रिमोट 'कूल'वरच आहे ना, तापमान खोलीच्या तापमानापेक्षा खाली लावलंय ना, हे आधी पाहा. हास्यास्पद वाटेल, पण मुलांच्या हातून 'फॅन' किंवा 'ड्राय'चं बटण दाबलं जाणं ही काही नवलाईची गोष्ट नाही! मग फिल्टर काढून धुवा.

त्यानंतर बाहेरच्या युनिटकडे लक्ष द्या. पंखा फिरतोय का? पंखा बंद आणि कॉम्प्रेसर चालू असेल तर तो काही मिनिटांत तापून बंद पडतो. मग दोष पंख्याच्या मोटरचा असतो आणि बदनाम कॉम्प्रेसर होतो. पंखा फिरतोय, पण दर काही मिनिटांनी 'घुंऽऽ' असा दबका आवाज येऊन 'टिक्' होतं आणि पुन्हा शांतता? म्हणजे कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करतोय, त्याला जमत नाहीय आणि त्याचं संरक्षण करणारा ओव्हरलोड त्याला बंद करतोय. अशा वेळी पहिला संशयित कॅपॅसिटर. दुसरा कमी व्होल्टेज. कॉम्प्रेसर जाम झाल्याची शंका त्यानंतरची.

एमसीबी पडत असेल तर ती केव्हा पडते हे नीट पाहून ठेवा. कॉम्प्रेसर सुरू होताक्षणीच पडली तर वायंडिंग शॉर्ट झाल्याची किंवा बॉडीला लागल्याची दाट शक्यता. दहा-वीस मिनिटं चालून मग पडली तर बुजलेली जाळी, सैल वायर किंवा खुद्द एमसीबी कमजोर झालेली असू शकते. हा एवढा तपशील सांगितला तरी चांगल्या मेकॅनिकचं अर्धं काम होतं.

एमसीबी पुन्हा पुन्हा वर करून 'चालतोय का बघू' हा खेळ मात्र करू नये. वायंडिंग बॉडीला लागलेलं असेल आणि घराचं अर्थिंग तुटलेलं असेल, तर बाहेरच्या युनिटच्या पत्र्यात वीज उतरते. बाल्कनीत खेळणाऱ्या मुलाचा हात त्याला लागणं म्हणजे जिवाशी खेळ. आणि झाकण तर स्वतः उघडूच नये. वीज बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये ती साठून राहिलेली असते.

मीटर काय सांगतं?

कॉम्प्रेसरचं निदान कानाने नव्हे, मीटरने होतं. चांगला मेकॅनिक प्रथम कॅपॅसिटर मोजतो. त्यावर ५० मायक्रोफॅरड, अधिक-उणे ५ टक्के असं छापलेलं असेल तर मीटरवर ४७.५ ते ५२.५ यांच्या दरम्यान आकडा यायला हवा. ३० आला, किंवा कॅपॅसिटर वरून फुगलेला दिसला, तर आधी तो बदलून पाहायचा. बाजारात काही जण यालाच 'कंडेन्सर' म्हणतात. त्यामुळे 'कंडेन्सर गेला' असं ऐकलं की जाळीबद्दल बोलणं चाललंय की या छोट्या डबीबद्दल, हे विचारून घ्यावं. दोघांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे!

मग येतं वायंडिंग. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या कॉम्प्रेसरला तीन टोकं असतात: कॉमन, रनिंग आणि स्टार्टिंग. तिन्ही वायरी सोडवून टोकांमधला रोध ओहममध्ये मोजतात. कॉमन ते रनिंग सर्वांत कमी, कॉमन ते स्टार्टिंग त्याहून जास्त आणि रनिंग ते स्टार्टिंग या दोन्हींच्या बेरजेइतका, हा नियम. समजा पहिला २ ओहम आणि दुसरा ३, तर तिसरा ५ यायला हवा. हिशेब जुळला तर वायंडिंग बहुधा ठीक. कुठे आकडाच आला नाही तर वायंडिंग तुटलेलं. आणि कोणत्याही टोकापासून डब्याच्या लोखंडापर्यंत वीज वाहत असल्याचं मीटरने दाखवलं, तर मात्र कॉम्प्रेसरचा निरोप घ्यायची वेळ आली.

इथे एक मोठी फसगत होते. काही कॉम्प्रेसरांत ओव्हरलोड डब्याच्या आतच बसवलेला असतो. कॉम्प्रेसर तापला की तो कॉमनचा रस्ता तोडतो. अशा तापलेल्या अवस्थेत मोजलं तर कॉमनपासून दोन्हीकडे काहीच आकडा येत नाही. रनिंग ते स्टार्टिंग मात्र आकडा बरोबर येतो. घाईतला मेकॅनिक 'वायंडिंग ओपन' म्हणून मोकळा होतो. पण एक-दोन तास थांबून, डबा हाताला गार लागल्यावर पुन्हा मोजलं तर सगळे आकडे परत आलेले असतात! म्हणजे कॉम्प्रेसर जिवंत आहे आणि शोधायचंय ते त्याच्या तापण्याचं कारण. एवढी एक-दोन तासांची सबुरी हजारो रुपये वाचवू शकते.

कॉम्प्रेसर चालतोय पण थंडावा नाही, अशा वेळी क्लॅम्प मीटरने करंट आणि गेजने दाब, दोन्ही पाहावे लागतात. करंट कमी आणि परतीच्या नळीतला दाबही कमी, तर गॅस कमी आहे किंवा वाटेत कुठेतरी अडथळा आहे. करंट कमी, पण परतीचा दाब नेहमीपेक्षा जास्त आणि बाहेर पडणारी नळी तापण्याऐवजी नुसती कोमट, तर पंप आतून झिजलाय. पहिल्या स्थितीत कॉम्प्रेसर निर्दोष असतो, दुसऱ्या स्थितीत तो बदलावाच लागतो. बाहेरून दोन्हींचं लक्षण एकच, 'थंड करत नाही'. नुसत्या लक्षणावर निकाल देणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

इन्व्हर्टर एसीची गोष्ट निराळी. त्याच्या कॉम्प्रेसरला सुरू व्हायला कॅपॅसिटर लागत नाही. त्याला चालवतं ते बाहेरच्या युनिटमधलं इलेक्ट्रॉनिक कार्ड, म्हणजे पीसीबी. याच्या तिन्ही टोकांमधला रोध एकसारखा यायला हवा. तो तसा येत असेल आणि डब्याला वीज लागत नसेल, तर संशय पीसीबीवर घ्यायचा. एसीवर उमटणारा एरर कोड लिहून ठेवणं किंवा मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवणं हे घरच्यांचं काम.

दुरुस्ती की नवा?

कॉम्प्रेसर गेल्याचं सिद्ध झालं, तरी लगेच हो म्हणू नये. प्रथम खरेदीचं बिल शोधा. अनेक कंपन्या कॉम्प्रेसरवर ५ किंवा १० वर्षांची वॉरंटी देतात. एसीच्या इतर भागांची वॉरंटी संपली तरी ही चालू असू शकते. मात्र तीत गॅस, मजुरी, येण्याजाण्याचा खर्च धरलेला असतोच असं नाही, तेव्हा कार्डावरची बारीक अक्षरं वाचावीत. बाहेरच्या माणसाने सील उघडल्यास वॉरंटी नाकारली जाऊ शकते, म्हणून आधी कंपनीला फोन आणि मग स्थानिक मेकॅनिक, हा क्रम चुकवू नये.

वॉरंटी नसेल तर वय आणि गॅस पाहा. जुन्या एसींमध्ये आर-२२ हा गॅस असायचा. तो ओझोनच्या थराला मारक असल्याने मॉन्ट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने हद्दपार होतोय. भारतात नव्या उपकरणांच्या निर्मितीत त्या कुळातल्या गॅसांचा वापर २०२४च्या अखेरपर्यंत थांबवायचं ठरलं होतं. त्यानंतर आलेल्या आर-४१०एपेक्षा आज सर्रास वापरला जाणारा आर-३२ पृथ्वीच्या तापमानवाढीत पुष्कळ कमी भर घालतो. आठ-दहा वर्षांचा आर-२२वाला एसी, गंजलेली जाळी आणि मेलेला कॉम्प्रेसर असा त्रिवेणी संगम असेल, तर त्यात पैसे ओतण्यापेक्षा नवा घेतलेला बरा. एसी चार-पाच वर्षांचा आणि जाळ्या धडधाकट असतील, तर कॉम्प्रेसर बदलणं शहाणपणाचं. आणि 'जुन्या यंत्रात नवा गॅस भरून देतो' असं कुणी म्हटलं तर सरळ नकार द्यावा. प्रत्येक गॅसचा दाब वेगळा, त्याला चालणारं तेल वेगळं. शिवाय आर-३२ काही प्रमाणात ज्वालाग्राही आहे.

बदलण्याची रीत

कॉम्प्रेसर बदलणं म्हणजे जुना कापून नवा जोडणं नव्हे. जुना का मेला, याचं उत्तर मिळाल्याशिवाय नवा बसवूच नये. जाळी बुजलेलीच राहिली, गळती तशीच राहिली, तर नवाही त्याच वाटेने जाणार.

नवा कॉम्प्रेसर त्याच क्षमतेचा, त्याच गॅससाठीचा आणि शक्यतो त्याच मॉडेलचा हवा. बाजारात 'रिकंडिशन्ड' कॉम्प्रेसरही मिळतात. जुना डबा कापून, वायंडिंग नव्याने भरून, पुन्हा वेल्डिंग करून वर चकचकीत रंग मारलेला असतो. ते स्वस्त पडतात, पण आतला पंप किती झिजलाय हे कुणालाच दिसत नाही. डब्याच्या कमरेला दुहेरी किंवा खडबडीत वेल्डिंग, प्लेट खरवडलेली किंवा नसलेलीच, अशा खुणा दिसल्या तर सावध व्हावं. घेतलेल्या कॉम्प्रेसरचा नंबर बिलावर लिहून घ्यावा.

जुन्याचं वायंडिंग जळलेलं असेल तर तेल काळं पडतं, त्याला जळका वास येतो आणि त्यात आम्ल तयार होतं. हे आम्ल नळ्यांत राहिलं तर नव्या मोटरचं वायंडिंग खातं. म्हणून नळ्या धुऊन, नायट्रोजनने फुंकून साफ कराव्या लागतात आणि फिल्टर-ड्रायर नवा घालावा लागतो. नवा कॅपॅसिटरही याच वेळी टाकावा. मुख्य खर्चापुढे त्याची किंमत काहीच नाही.

जोड दिल्यावर गळती तपासायची ती नायट्रोजन भरून आणि साबणाचा फेस लावून. इथे एक गोष्ट जिवावर बेतू शकते. काही ठिकाणी नायट्रोजनचा सिलिंडर नसला की वेल्डिंगचा ऑक्सिजनच नळ्यांत सोडतात. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरमधलं तेल एकत्र आलं की स्फोट होऊ शकतो. घरच्या माणसांना यंत्रातलं काही कळत नसलं तरी 'सिलिंडर कसला आहे?' हा प्रश्न विचारायला काहीच हरकत नाही. उत्तर ऑक्सिजन असेल तर काम तिथेच थांबवावं. नळीला ज्योत लावण्याआधी जुना गॅस पूर्ण काढलेला असावा आणि जागा हवेशीर असावी. आर-२२ ज्योतीत सापडला तर विषारी वायू तयार होतात, आर-३२ पेट घेऊ शकतो.

यानंतरची पायरी म्हणजे व्हॅक्यूम. बहुतेक वेळा नेमकी हीच गाळली जाते. नळ्यांत शिरलेली हवा आणि दमटपणा पंपाने खेचून काढायचा असतो. खोल निर्वातात पाणी साध्या तापमानालाच उकळून वाफ होतं आणि बाहेर पडतं. त्यासाठी गेज ५०० मायक्रॉनपर्यंत किंवा त्याखाली उतरावं लागतं आणि पंप बंद केल्यावरही ते तिथे टिकावं लागतं. याला अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. 'थोडा गॅस सोडून हवा काढली' म्हणणं म्हणजे व्हॅक्यूम नव्हे. आत राहिलेलं पाणी तेलाशी मिळून पुन्हा आम्ल बनवतं आणि सहा-आठ महिन्यांनी रडारड सुरू होते. शेवटी गॅस भरायचा तो अंदाजाने नव्हे, वजन करून. किती भरायचा ते युनिटच्या प्लेटवर छापलेलं असतं.

काम झाल्यावर एसी पंधरा-वीस मिनिटं चालवून करंट मोजावा आणि तो प्लेटवरच्या आकड्याच्या आत आहे का पाहावं. आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा यांच्या तापमानात साधारण ८ ते १२ अंशांचा फरक पडला, तर काम फत्ते झालं म्हणायला हरकत नाही.

मेकॅनिकचीही बाजू

सगळा दोष मेकॅनिकच्या माथी मारणं न्यायाचं नाही. आयटीआयमध्ये दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून आलेले, काम मनापासून करणारे कारागीर गावोगावी आहेत. पण भर उन्हाळ्यात दिवसाला आठ-दहा घरं, पाचव्या मजल्याच्या सज्जावर अरुंद कोपऱ्यात उभं राहून ज्योत लावायची आणि वर गिऱ्हाईकाची घासाघीस! व्हॅक्यूम पंप आणि नायट्रोजनचा सिलिंडर जिने चढून आणणाऱ्याला दोन पैसे जास्त द्यायला आपण तयार नसू, तर तो ते आणणार नाही. सर्वांत स्वस्त दर सांगणारा काय गाळणार आहे, हे आधी विचारावं. आणि सज्जावर उतरणाऱ्या माणसाला सेफ्टी बेल्ट बांधल्याशिवाय उतरू देऊ नये. एसीपेक्षा त्याचा जीव मोलाचा.

काम आणि पार्ट यांचं पक्कं बिल घ्यावं, त्यावर वॉरंटीची मुदत लिहून घ्यावी. चुकीचं निदान करून पैसे उकळले गेल्याची खात्री असेल, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. मात्र हातात बिल नसेल तर कायदाही हतबल होतो.

हे प्रश्न जरूर विचारा

• कॅपॅसिटर मोजला का? छापील आकडा किती आणि मीटरवर किती आला?
• वायंडिंग कॉम्प्रेसर गार झाल्यावर मोजलं का?
• तिन्ही टोकांचे आकडे आणि बॉडीची तपासणी दाखवाल का?
• जुना कॉम्प्रेसर कशामुळे गेला?
• नवा कॉम्प्रेसर कोणत्या गॅसचा? कोरा की रिकंडिशन्ड?
• गळती नायट्रोजनने तपासणार ना?
• फिल्टर-ड्रायर बदलणार का? व्हॅक्यूम पंप आणला आहे का?
• गॅस वजन करून भरणार ना?
• काढलेला कॉम्प्रेसर कुणाकडे राहणार आणि त्याचे पैसे बिलातून वजा होणार का?

पंधरा दिवसांनी एकदा फिल्टर धुतला, होळीच्या आसपास बाहेरची जाळी साफ करून घेतली आणि थंडावा कमी वाटताच गळती शोधून घेतली, तर यांतले बहुतेक प्रश्न विचारण्याची वेळ वर्षानुवर्षं येत नाही.